बोटांना सुई टोचून स्ट्रोक थांबत नाही

स्ट्रोक, म्हणजे लकवा आला तर काय करायचं ते सांगणारा तो मेसेज परत फिरायला लागलाय. पेशंटला जागचं हलवू नका, मेंदूतल्या बारीक नसा फुटतील, दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, तोंड वाकडं झालं असेल तर कानाच्या पाळ्यांनाही टोचा, काही मिनिटांत माणूस ठीक होतो, वगैरे.

पहिलं म्हणजे उचलून गाडीत घातल्यानं नसा फुटत नाहीत. उलट ‘हलवू नका’च्या नादात जो वेळ जातो त्यात मेंदूच्या पेशी मरतात. बोटातून चार थेंब काढून मेंदूतली नस अडवणाऱ्या रक्ताच्या गुठळीला काय फरक पडणार?

"पण आमच्या काकांना टोचल्यावर फरक पडला ना!" पडला असेल, खरी गोची तिथेच आहे. मिनी स्ट्रोक, डॉक्टर ज्याला टीआयए म्हणतात, त्यात गुठळी थोडा वेळ अडकते आणि आपणहून सुटते, लक्षणं बहुतेक वेळा तासाभरात जातात, सुई टोचा नाहीतर नुसते बघत बसा. श्रेय मात्र सुईला, आणि मग "आता बरं वाटतंय, उद्या बघू" म्हणून सगळे घरीच. मोठ्या स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त असतो तो नेमका पुढच्या 48 तासांत! लक्षणं गेली तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं ते यासाठी. तिथे स्कॅन, ईसीजी, मानेच्या नसांची सोनोग्राफी करून कारण शोधतात आणि औषध लगेच सुरू होतं.

मेसेजमध्ये लक्षण म्हणून नुसतं वाकडं तोंड आहे. आजी-आजोबांच्या हातातून कप निसटला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, साधा शब्द आठवेना, एका डोळ्यापुढे पडदा आला, अचानक तोल गेला, हे आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. सहसा दुखत नाही काही, त्यामुळे तेही बोलत नाहीत. अचानक झालं का, एवढं बघा. डायबेटिस असेल तर शुगरही तपासा, कमी झाली तरी असंच दिसतं, पण त्यापायी निघायला उशीर नको.

काही जण मेसेजखाली ‘लगेच डिस्प्रिन द्या’ जोडतात, म्हणजे रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनची गोळी. गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, रक्तस्राव असेल तर ती गोळी महागात पडेल. शिवाय गिळता येत नसेल तर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जातं.

108 लावा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास तिथून मोजतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर रात्री झोपतानाची वेळ सांगायची. आणि चालू गोळ्यांची पिशवी सोबत घ्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा.