क्लॅमिडिया आणि अँटिबॉडी टेस्ट : एक खुलासा

क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा जंतुसंसर्ग, आणि अँटिबॉडी म्हणजे जंतूंशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं. ‘रक्तात क्लॅमिडियाच्या अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे संसर्ग गर्भाशय-बीजनलिकांपर्यंत पोचलाय’ असा मेसेज फिरतो आहे. हे खरं नाही. त्यापायी कुणाची झोप उडू नये, म्हणून लिहिते आहे.

आयजीजी या प्रकारच्या अँटिबॉडी संसर्ग बरा झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. शिवाय क्लॅमिडिया न्यूमोनिए हा श्वसनमार्गाचा, सर्रास आढळणारा जंतू वेगळाच. पण त्याच्यामुळेही काही चाचण्या पॉझिटिव्ह येतात. उलटही घडतं. चाचणी निगेटिव्ह, संसर्ग मात्र चालूच. ओटीपोटात दुखत असताना, ताप असताना असा रिपोर्ट पाहून घरी थांबणं मला जास्त घातक वाटतं.

चालू संसर्ग शोधण्यासाठी लघवी किंवा स्वॅबमध्ये जंतूचं जनुकीय द्रव्य तपासतात. पीसीआर हा त्यातलाच प्रकार. ओटीपोटातल्या संसर्गाचं निदान डॉक्टर मुख्यतः लक्षणं आणि शारीरिक तपासणीवरून करतात, रिपोर्टसाठी उपचार अडवून ठेवत नाहीत.

अँटिबॉडी टेस्ट अगदीच निरुपयोगी नाही. तान्ह्या बाळाला क्लॅमिडियामुळे न्यूमोनिया झाला, तर आयजीएम या प्रकारच्या अँटिबॉडींचं वाढलेलं प्रमाण महत्त्वाचं ठरतं. क्लॅमिडियाच्याच जातकुळीतल्या जंतूमुळे, पक्ष्यांपासून होणाऱ्या सिटॅकोसिस या फुप्फुसांच्या आजारात काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या २ नमुन्यांत अँटिबॉडी ४ पट वाढल्या, तर निदानाला बळकटी मिळते.