बेसची पाळी नेहमी शेवटीच का?

गेली कित्येक वर्षे वाद्यवृंदांत बेस गिटार वाजवताना एकच गोष्ट मला पुन्हापुन्हा सोसावी लागते: ड्रम्स, ढोलकी, कीबोर्ड आणि गायकांचे सगळे माइक तपासून होईपर्यंत प्रेक्षक खुर्च्यांवर येऊन बसलेले असतात आणि बेसच्या वाट्याला जेमतेम अर्धे मिनिट उरते.

चार तारांच्या बेसमधील सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. लहान मॉनिटरमधून (वादकांना ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधून) तो नीट उमटतच नाही, म्हणून कोणीतरी आवाज वाढवतो आणि सभागृहात नुसता घुमारा उठतो. त्यात मंचावरचे अर्थिंग सदोष असले, तर ५० हर्ट्झची जी घरघर सुरू होते, ती नेमकी त्याच तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील ४९ हर्ट्झच्या स्वराला चिकटून बसते आणि मी सुरात वाजवतो आहे की नाही, हेच मला कळेनासे होते! आता मी स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल ध्वनियंत्रणेला जोडून देणारी छोटी पेटी, बाळगतो. त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे सिग्नलच्या केबलमधील ग्राउंडची जोडणी तोडणारा, खटका दाबला की बहुतेक वेळा घरघर थांबते. (प्लगची अर्थिंगची पिन मात्र कोणीही काढू नये, कारण त्यात जिवाला धोका आहे.)

परंतु डीआय बॉक्स वेळ आणून देत नाही. ज्या वाद्यावर ताल आणि सूर यांचा सांधा उभा असतो, त्याला रिकाम्या सभागृहात पाच मिनिटे का मिळू नयेत, याचे उत्तर मला आजवर एकाही आयोजकाने दिलेले नाही.