दाढ का काढली नाही, त्याबद्दल

नमस्कार काका, आमच्या दातांच्या दवाखान्याला दिलेला तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. सिंहगड रोडहून ट्रॅफिकमधून कर्वे रोडला आलो, दाढेवर ठोकून बघितलं, गार लावून बघितलं, ओपीजीचे (सगळ्या जबड्याच्या एक्स-रेचे) पैसे घेतले आणि दाढ चांगली आहे म्हणून परत ईएनटीकडे पाठवलं, नुसती टोलवाटोलवी, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या फाइलमधलं काही मी इथे लिहिणार नाही, पण कानाखालच्या लाळग्रंथीचं ऑपरेशन झालंय आणि सकाळी पोह्यांच्या पहिल्याच घासाला कळ येते हे तुम्ही स्वतःच लिहिलंय म्हणून तेवढ्यावरच बोलते.

दाढ किडली की चावून चावून दुखणं वाढतं, गार-गरम लागतं, ठोकलं की माणूस दचकतो. तुमचं उलटं आहे, पहिल्या घासाला डोळ्यात पाणी आणि चार-पाच घासांनंतर कमी, आणि मग जेवणात मोठा गॅप पडला की पुन्हा तेच, म्हणून सकाळी सगळ्यात जास्त. याला फर्स्ट बाइट सिंड्रोम म्हणतात, हे नाव १९९८ पासून रूढ आहे. पॅरोटिडच्या, म्हणजे कानाखालच्या त्या लाळग्रंथीच्या, खोल भागात किंवा त्याच्या आतल्या बाजूला ऑपरेशन झालं की ग्रंथीकडे जाणाऱ्या सिंपथेटिक (आपल्या नकळत काम करणाऱ्या) नसा कधीकधी तुटतात, आणि मग ग्रंथीतल्या लाळ बाहेर ढकलणाऱ्या बारीक पेशी अतिसंवेदनशील होतात, तोंडात घास गेला, लाळेचा सिग्नल आला की सगळ्या एकदम जोरात आवळतात, तीच ती कळ. त्यामुळे लिंबू-लोणच्याला जास्त, काहींना तर नुसत्या जेवणाच्या आठवणीनेही येते. दुखतं खरंच आणि भयंकर दुखतं, तुम्ही वाढवून सांगताय असं आम्हाला एक क्षणही वाटलं नाही.

आता सांगा, यात दाढ काढून काय झालं असतं? चांगली दाढ गेली असती, किंवा उगाच रूट कॅनल आणि कॅपचं बिल झालं असतं आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांना कळ तिथेच. ओपीजी काढला तो दाताचं कारण नाही हे नक्की करायलाच, त्याचे पैसे परत करणार नाही, ती फिल्म सर्जनला दाखवा, उपयोगाची आहे.

बऱ्याच जणांचं हे काही महिन्यांत हळूहळू कमी होतं, सगळ्यांचं पूर्ण जात नाही हेही खरं. साध्या पेनकिलरने फारसा फरक पडत नाही, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, कार्बामाझेपिनसारख्या नसांच्या गोळ्या देतात, आणि नाहीच भागलं तर ग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याचा असर काही महिने टिकतो. हे सगळं तुमचे सर्जन ठरवतील, मी दातांची डॉक्टर आहे. तोपर्यंत सुरुवात आंबटाने करू नका, पहिला घास छोटा, सौम्य, मऊ भातासारखा घ्या आणि हळू खा.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ऑपरेशन झालेलंच नसताना अशी पहिल्या घासाची कळ येत असेल तर अंगावर काढू नका, क्वचित ग्रंथीजवळच्या गाठीमुळेही होते, लगेच ईएनटीला दाखवा.

काका, सर्जनच्या नावाची चिठ्ठी हरवली असेल तर रिसेप्शनला दुसरी ठेवलीय, घरचं कुणी आलं तरी देतील.