शहर बघण्याआधी त्याचे पत्ते वाचायला शिका

कुणी नव्या शहरात निघालं की आपण त्याला यादी देतो. काय बघायचं, कुठे उतरायचं, कुठली रांग सकाळी लवकर गाठायची. या याद्या कामाच्या असतात, पण त्यांनी शहर कळत नाही. दहा ठिकाणं बघून झाली तरी ती एकमेकांपासून कुठे आहेत हे सांगता येत नाही, कारण दहाही ठिकाणी माणूस जमिनीखालच्या गाडीतून किंवा टॅक्सीतून उगवलेला असतो. माझं ठाम मत आहे की कुठल्याही शहराची ओळख त्याच्या पत्त्यांपासून सुरू करावी. तिथे घरांना नंबर कसे दिलेत, रस्ते कसे मोजलेत, हे निघायच्या आधी अर्धा तास बसून समजून घ्यावं. चार दिवस राहणार असाल तरी, आणि चार वर्षं राहणार असाल तर नक्कीच.

शोधायच्या गोष्टी चारच. शून्य कुठे आहे? आकडे कुठल्या दिशेने वाढतात? सम आणि विषम नंबर कुठल्या बाजूला? आणि हा नियम कुठे मोडतो? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण माणसं चुकतात ती तिथेच.

शिकायला सगळ्यात सोपं शहर शिकागो. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे छेदतात तो चौक म्हणजे शून्य. १९०९ पासून तिथली घरं या चौकापासून मोजली जातात, आणि साधारण ८०० आकडे म्हणजे एक मैल. पत्त्यात '१६०० नॉर्थ' दिसलं की तुम्ही मॅडिसनच्या उत्तरेला दोन मैलांवर आहात, म्हणजे सव्वातीन किलोमीटर. सम नंबर रस्त्याच्या उत्तर किंवा पश्चिम बाजूला. नियम मोडतो तो दक्षिणेकडे. तिथे पहिला मैल १२०० वर संपतो, दुसरा २२०० वर, तिसरा ३१०० वर, आणि त्यानंतर पुन्हा ८०० चा हिशोब सुरू होतो. हे माहीत नसलं की दक्षिणेतलं अंतर आहे त्यापेक्षा जास्त वाटतं आणि चालत जाण्यासारख्या ठिकाणी लोक गाडी करतात.

कोलंबियाची राजधानी बोगोता, तिथला पत्ता तर याहून नेमका. 'कॅये ७० क्रमांक ९-४०' याचा अर्थ असा (कॅये आणि कारेरा हे रस्त्यांचे दोन प्रकार): ७० नंबरच्या कॅयेवर, ९ नंबरची कारेरा जिथे छेदते त्या कोपऱ्यापासून, १० नंबरच्या दिशेने अंदाजे ४० मीटर. कारेरा डोंगराला समांतर धावतात, कॅये त्यांना आडव्या. डोंगर पूर्वेला आहेत आणि शहरात बऱ्याच ठिकाणांहून दिसतात, त्यामुळे दिशा हरवायचं कारण नाही. कारेरांचे आकडे डोंगरापासून पश्चिमेकडे वाढतात, कॅयेंचे उत्तरेकडे. चूक होते ती 'सुर', म्हणजे दक्षिण, हा शब्द वगळल्याने. दक्षिण भागात कॅयेंची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि आकड्याशेजारी 'सुर' लावतात. तो एक शब्द गाळला तर तुम्ही शहराच्या भलत्याच टोकाला पोचता. नंबरानंतरची ए, बी ही अक्षरं आणि 'बिस' हेही पत्त्याचेच भाग आहेत. उतरवून घेताना ते सुटू देऊ नका.

मॅनहॅटनची गंमत अंतरात आहे. १८११ च्या आराखड्याने तिथे आडवे नंबरवाले रस्ते आणि उभे अ‍ॅव्हेन्यू आखले. आडव्या रस्त्यांचे सुमारे २० ब्लॉक म्हणजे एक मैल, म्हणजे एक ब्लॉक जेमतेम ८० मीटर. पण एका अ‍ॅव्हेन्यूपासून पुढच्या अ‍ॅव्हेन्यूपर्यंत त्याच्या दुप्पट-तिप्पट चालावं लागतं. कुणी 'चारच ब्लॉक' म्हणालं की लगेच विचारा, कुठल्या दिशेला? उत्तर-दक्षिण असतील तर पाच मिनिटं, पूर्व-पश्चिम असतील तर दहा-बारा. ही सगळी जाळी खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश कललेली आहे, म्हणून होकायंत्र आणि तिथल्या माणसांची 'उत्तर' जुळत नाही. तिथे माणसांचं ऐका. ग्रीनिच व्हिलेजमध्ये ही जाळी कोलमडते. ते गाव आराखड्याच्या आधीचं असल्याने त्याचे रस्ते तसेच राहिले, आणि वेस्ट ४ नंबरचा रस्ता वेस्ट १० ला जाऊन छेदतो. भुयारी रेल्वेच्या अनेक लहान स्टेशनांवर वरच्या आणि खालच्या दिशेची प्रवेशद्वारं रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळी असतात. आत गेल्यावर पलीकडच्या फलाटावर जाता येत नाही आणि भाडं वाया जातं. पायऱ्या उतरण्याआधी वरची पाटी वाचायची सवय लावा.

पॅरिसमध्ये मोजणी नदीपासून आहे. १८०५ साली ठरलेला नियम आजही चालतो. सीनला काटकोनात जाणाऱ्या रस्त्यांचे नंबर नदीकडून सुरू होतात, आणि समांतर रस्त्यांचे नंबर प्रवाहाच्या दिशेने वाढतात. नंबर वाढण्याच्या दिशेने तोंड केलं की सम उजवीकडे, विषम डावीकडे. म्हणजे अशा रस्त्यावर नंबर उतरत चालले असतील तर तुम्ही नदीकडे निघाला आहात, किंवा प्रवाहाच्या उलट. हातात काही नसताना एवढं कळणं मला फार मोलाचं वाटतं. १८६० पासूनचे २० विभाग मध्यापासून घड्याळाच्या दिशेने गुंडाळत बाहेर जातात. विभागाचा आकडा रस्त्याच्या निळ्या पाटीवर वरच्या बाजूला असतो आणि पिनकोडच्या शेवटच्या दोन अंकांतही असतो. फसायला होतं ते असं की लागोपाठचे आकडे म्हणजे शेजार असं वाटतं. १२ आणि १३ हे शेजारी खरे, पण मध्ये नदी आहे.

लंडनच्या पोस्टकोडने तर कित्येकांची राहण्याची जागा चुकवली असेल. एसई म्हणजे आग्नेय लंडन. एसई १ नदीकाठी, अगदी मध्यात. मग एसई २ त्याला लागून असणार असं कुणालाही वाटेल. पण १९१७ साली आकडे दिले तेव्हा मध्याच्या विभागाला १ दिला आणि बाकीचे तिथल्या मुख्य वस्तीच्या नावाच्या वर्णक्रमाने लावले. अ‍ॅबी वुड हे नाव ए ने सुरू होतं, म्हणून एसई २ त्याला मिळाला, आणि अ‍ॅबी वुड शहराच्या पार पूर्व टोकाला आहे. त्या शहरात आकडा लहान म्हणजे जवळ हे समीकरण चालत नाही. जागा घेण्याआधी नकाशावर बोट ठेवून बघा.

आता टोकियो. इथे थोडं थांबायला हवं, कारण रस्त्याच्या नावाने शहर ओळखायची आपली सवय तिथे मुळातच चालत नाही. बहुतेक रस्त्यांना नावच नाही. नंबर ठोकळ्यांना आहेत. पत्ता मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. विभाग, वस्ती, आणि मग ४-५-६ असे तीन आकडे. पहिला वस्तीच्या पोटभागाचा, दुसरा त्यातल्या ठोकळ्याचा, तिसरा इमारतीचा. १९६२ च्या कायद्यानंतर जिथे नवी पद्धत लागू झाली तिथे इमारतीचे आकडे ठोकळ्याभोवती घड्याळाच्या दिशेने फिरतात. त्यामुळे शोधायची रीत बदलते. रस्त्याने नंबर मोजत जायचं नाही. आधी ठोकळा गाठायचा. कोपऱ्यावरच्या भिंतीवर किंवा खांबावर छोटी पट्टी असते, तिच्यावर पोटभागाचा आणि ठोकळ्याचा आकडा दिसतो. दोन-तीन पट्ट्या पाहिल्या की आकडे वाढतायत की उतरतायत ते कळतं. आपला ठोकळा सापडला की त्याला एक फेरी मारायची. इमारतीचा नंबर तिच्या दाराच्या जागेवरून ठरतो, म्हणून कोपऱ्यावरच्या इमारतीचं दार कुठल्या बाजूला आहे तेही बघा. शेजारच्या दोन इमारतींना कधी कधी एकच नंबर असतो, तेव्हा इमारतीचं नाव जवळ हवंच.

जिथे जुनी पद्धत राहिली आहे तिथे आकडे जमिनीच्या नोंदणीवरून आलेत, आणि ७ च्या शेजारी १९ असू शकतो. तिथे सरळ नाक्यावरच्या पोलीस चौकीत विचारा. चौकीत त्या वस्तीचा बारीक नकाशा असतो आणि रस्ता सांगणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचंच काम आहे. आणखी एक गोष्ट. स्टेशनबाहेरच्या फलकावरच्या नकाशात वर उत्तर असेलच असं नाही. फलकासमोर उभं राहिल्यावर तुमच्या समोर जे आहे ते पुष्कळदा वर दाखवलेलं असतं. उत्तर गृहीत धरून चालणारा नेमका उलटा जातो. आणि स्टेशनच्या बाहेर पडायच्या दारांना नंबर असतात. पत्त्यासोबत तो नंबर विचारून घ्यायलाच हवा, नाहीतर मोठ्या स्टेशनवर पंधरा मिनिटं नुसती दार शोधण्यात जातात. मुंबईत स्टेशनचं नाव सांगून भागत नाही, पूर्व की पश्चिम हे लागतंच. तिथे तेच काम दाराचा नंबर करतो.

निकाराग्वाची राजधानी मानाग्वा मात्र मन हलवते. १९७२ च्या भूकंपात शहराचा मध्य जमीनदोस्त झाला. तिथे पत्ता खुणेच्या जागेवरून सांगतात: अमुक ठिकाणापासून दोन ब्लॉक तळ्याकडे, एक ब्लॉक वर. तळ्याकडे म्हणजे उत्तर, वर म्हणजे सूर्य उगवतो ती पूर्व, खाली म्हणजे पश्चिम. आणि कितीतरी पत्ते 'जिथे अमुक इमारत होती तिथून' असे सुरू होतात. इमारत कधीच पडलेली असते, पत्त्यात मात्र ती अजून उभी असते. तिथे राहायला जाणाऱ्याने शहराच्या नकाशाइतकाच त्या नाहीशा झालेल्या जागांचाही अभ्यास करावा.

नियम मोडतो तिथे शहराचा इतिहास हाती लागतो, असं मी म्हणते ते यासाठी. बर्लिनमध्ये कुरफ्युर्स्टेंडाम हा रस्ता ११ नंबरपासून सुरू होतो, कारण आधीचा तुकडा दुसऱ्या नावाच्या रस्त्यात गेला. तिथल्या बऱ्याच जुन्या रस्त्यांवर नंबर एका बाजूने शेवटपर्यंत जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. म्हणून १० च्या समोर ११ शोधू नका. कोपऱ्यावरच्या पाटीखाली त्या तुकड्यातले नंबर दिलेले असतात, तेवढे वाचा.

मोबाइल असताना हे सगळं कशाला, असं विचारलं जाईल. मोबाइल पुढचं वळण सांगतो आणि त्याचा उपयोग मीही मानते. पण उंच इमारतींमध्ये त्याचा ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो, जमिनीखालून वर आल्यावर तोंड कुठे आहे ते त्याला लगेच कळत नाही, आणि सारख्या नावाचे दोन रस्ते असले की तो बिनधास्त चुकीचा निवडतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ६० नंबरचा स्ट्रीट, रोड, ड्राइव्ह, लेन आणि प्लेस असे वेगवेगळे रस्ते आहेत. तिथे चूक झाली आहे हे ओळखायलासुद्धा नियम माहीत असावा लागतो.

नव्या शहरात राहायला गेलेल्यांसाठी एक काम सांगते. पहिल्या आठवड्यात स्वतःचा पत्ता तिथल्या पद्धतीने, तिथल्या भाषेत, मोठ्याने म्हणता येईपर्यंत पाठ करा. त्याला जवळचा छेदणारा रस्ता जोडा, इमारतीचं दार कुठल्या रस्त्यावर उघडतं ते जोडा, आणि मजला जोडा. मजल्याची चूक फार होते. अमेरिकेत जमिनीलगतचा मजला पहिला, युरोपात बहुतेक ठिकाणी तो शून्य आणि त्याच्या वरचा पहिला. पूर्व आशियात अनेक इमारतींत चौथा मजलाच गाळलेला असतो किंवा लिफ्टमध्ये तिथे एफ लिहिलेलं असतं. हे सगळं कागदावर लिहून दारामागे चिकटवा. रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर फोनवर बोलणारा तुमच्या घरातला पाहुणाही असू शकतो.