दोन माणसांची गर्दी

मोठ्या शहरातल्या मोठ्या चित्रसंग्रहालयांबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथे गर्दी असते आणि गर्दीत अडाणीपणा खपून जातो. पुढच्याच्या खांद्यावरून चित्राचा जो कोपरा दिसेल तो बघायचा, हात उंच करून मोबाइलवर फोटो काढायचा आणि रेट्याबरोबर पुढच्या दालनात जायचं. तुम्हाला काय कळलं हे विचारायला तिथे कुणी मोकळं नसतं. खरी सत्त्वपरीक्षा असते ती आडवळणाच्या गावातल्या कलादालनात. तिथे तुम्ही एकटेच असता आणि तुम्हाला बघायला माणसं असतात.

माझ्या नवऱ्याला या दालनांचं वेड आहे. रस्त्यात कुठे 'कलादालन' अशी गंजलेली पाटी दिसली की आमची गाडी वळते. पाटीवरचा बाण बहुधा आकाशाकडे असतो, कारण खालचा स्क्रू निघालेला असतो. मी कुरकुरले की नवरा दाखले काढतो. "अगं, मोठ्या ठिकाणी काय, कुणीही जातं. हॉलंडमध्ये ओटर्लो म्हणून एक खेडं आहे. त्याच्या शेजारी जंगलात व्हॅन गॉगच्या चित्रांचा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संग्रह आहे. १९३८ साली उघडलं ते संग्रहालय. आणि त्याच साली आपल्या औंधच्या राजाने टेकडीवर संग्रहालय काढलं, तिथे हेन्री मूरचं शिल्प आहे. आहेस कुठे?"

मी गाडीत आहे, आणि गाडी बंद दरवाजासमोर उभी आहे. सोमवार आहे. जगातली निम्मी संग्रहालयं सोमवारी बंद असतात हे आम्हा दोघांनाही पाठ आहे, तरी आमच्या सहलींना सोमवार गाठल्याशिवाय चैन पडत नाही.

पण आडगावात बंद म्हणजे अगदीच बंद असंही नसतं. शेजारच्या ओट्यावरचा माणूस आपण न विचारताच सांगतो की किल्ली अमक्याकडे आहे, तो आत्ता जेवायला गेलाय, थांबा, फोन लावतो. इथेच आपण अडकतो. कारण आपल्यासाठी जेवणावरून उठून, सायकल मारत, तोंड पुसत कुणी आलं की मग 'राहू दे, पुन्हा कधी येऊ' म्हणता येत नाही. किल्लीवाले काका कुलूप हातात धरून आमच्याकडे नीट बघतात आणि विचारतात, "आतली चित्रंच बघायचीत ना?" कार्यालयाचा दाखला वगैरे काही नकोय याची ते खात्री करून घेतात.

मग दिवे लागतात. हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. दाराशी बटणांची एक लांबलचक पाटी असते आणि कुठल्याही बटणाखाली काही लिहिलेलं नसतं. पहिल्या बटणाला पंखा सुरू होतो. दुसऱ्याला मोरीतला दिवा लागतो. तिसऱ्याला काहीच होत नाही, म्हणून काका ते चार वेळा खालीवर करतात. शेवटी भिंतीवरची ट्यूब डोळे मिचकावत, नाइलाजाने पेटते आणि भुताटकीच्या उजेडात पहिलं चित्र दिसतं. आम्ही पुढच्या खोलीत पाऊल टाकलं की मागच्या खोलीतले दिवे काका बंद करतात. वीजबिलाची काळजी मी समजू शकते, पण परतीचा रस्ता असा एकेक खोली करून अंधारात गेला की जिवाला घोर लागतो.

"इतका कमी उजेड?" मी कुजबुजते.

"कागदावरच्या जलरंगांना पन्नास लक्सच्या वर उजेड देऊ नये असा संकेत आहे," नवरा म्हणतो. "नाहीतर रंग उडतात."

हे खरंच आहे. फक्त समोरची सगळी चित्रं तैलरंगातली होती आणि अंधार ट्यूब गेल्यामुळे होता.

चित्र किती उंचीवर लावावं याचाही एक संकेत आहे. पुष्कळ संग्रहालयांत चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून ५७ इंचांवर धरतात, म्हणजे तो सर्वसाधारण माणसाच्या नजरेसमोर येतो. आडगावच्या दालनात संकेत एकच, खिळा जिथे आधीपासून आहे तिथे चित्र. त्यामुळे काही चित्रं मान वर करून बघावी लागतात, काही गुडघ्यात वाकून, आणि चित्राची चिठ्ठी चित्राखाली असेलच असं नाही. संग्रहालयात माणूस इतका का थकतो याचा विचार बोस्टनच्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली केला. त्यांनी एका माणसाला कपाटं आणि चिठ्ठ्या बघायला लावून त्याचे फोटोच काढले. तो कंबरेत वाकलेला, उकिडवा बसलेला, मान वाकडी करून डोकावणारा असा त्या फोटोंत दिसतो. त्याच्याबद्दल मला भावासारखी माया वाटते. निदान त्याला नंतर कुणी 'कसं वाटलं?' असं विचारलं नसावं.

आम्हाला विचारतात. कारण दालनात चित्रकार स्वतः हजर असतात.

स्थानिक चित्रकारांचं प्रदर्शन चालू असेल तर ते कोपऱ्यात, टेबलामागे, वहीपाशी बसलेले असतात. त्या दिवशी किल्लीवाल्या काकांनीच त्यांना निरोप धाडला होता, "प्रेक्षक आलेत." ते जवळजवळ धावतच आले आणि आम्ही त्यांना पाहिलं तेव्हा आपण सकाळपासून इथेच आहोत अशा थाटात वर्तमानपत्र वाचत बसले. पान मात्र पुढची पंधरा मिनिटं उलटलं नाही. आमच्या पावलांकडे त्यांचे कान होते.

आता यातली गोम अशी की पहिल्या चित्रासमोर आपण सभ्यपणा म्हणून जरा जास्त वेळ उभं राहतो. तिथेच दर ठरतो. पहिल्या चित्राला दोन मिनिटं दिली की दुसऱ्याला अर्ध्या मिनिटात उरकता येत नाही. वर्तमानपत्राच्या मागून एक बारीकसा श्वास ऐकू येतो आणि आपण निमूट परत मागे सरकतो. भिंतीवर अजून पस्तीसेक चित्रं असतात. चित्र दोन मिनिटं बघणं किती अवघड आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पहिल्या दहा सेकंदांत झाड, घर, बैल, बाई हे सगळं बघून होतं. मग बैलाचे पाय मोजायचे. मग सही वाचायची. मग एक पाऊल मागे जायचं, डोळे बारीक करायचे, पुन्हा पुढे यायचं. हात कमरेमागे बांधले की आणखी वीसेक सेकंद निघतात. चौकटीतल्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर बरंच काही करता येतं. केस नीट करण्याइतका वेळ मला कलेनेच दिलाय.

नवऱ्याचं तसं नाही. तो बोलतो. 'पोत', 'अवकाश', 'रेषेतली ताकद' हे शब्द तो आळीपाळीने वापरतो आणि चित्रकार भारावतात. मला ते जमत नाही. नुसतं 'छान' म्हणायची सोय नसते, कारण 'छान' ऐकलं की चित्रकाराचा चेहरा पडतो. अनुभवातून मला एक प्रश्न सापडलाय, तो कुठल्याही चित्राला चालतो : "याला किती दिवस लागले हो?" यावर प्रत्येक चित्रकार निदान सात-आठ मिनिटं बोलतो आणि तेवढ्यात तीन-चार चित्रांचा कोटा फिटतो.

पुढच्या भिंतीवर अमूर्त विभाग होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'शीर्षकहीन – ७'. मी इकडेतिकडे पाहिलं. एक ते सहा कुठेच नव्हती.

"आधीची विकली गेली वाटतं?" मी जिव्हाळ्याने विचारलं.

"नाही ताई," चित्रकार म्हणाले, "ती जमली नव्हती."

शीर्षकहीन सातमध्ये खाली निळा, वर तपकिरी आणि मधून एक लाल पट्टा होता. आकाश खाली आणि जमीन वर, अशी मला शंका आली आणि मान आपोआप तिरकी झाली. मोठ्या संग्रहालयात तिरक्या मानेकडे कुणी लक्ष देत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९६१ साली मातीसचं 'होडी' हे चित्र उलटं टांगलं गेलं होतं, आणि ४७ दिवस लाखाच्या वर माणसं त्याच्यासमोरून गेली. अखेर एका प्रेक्षक बाईंना संशय आला. मोंद्रियानच्या रंगीत चिकटपट्ट्यांच्या एका कलाकृतीचं तर याहून भारी. ती १९४५ पासून उलटी लागत आली असावी असं जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात २०२२ साली ध्यानात आलं. पण आता सरळ करायला गेलं तर पट्ट्या सुटायच्या, म्हणून ती आहे तशीच राहू दिली. हा शहाणपणा मला फार आवडला.

आडगावात मात्र मान पुरती तिरकी व्हायच्या आत वर्तमानपत्र खाली आलं.

"उलटं वाटतंय का?"

"छे छे," मी म्हणाले. "मान धरलीय जरा. प्रवास झालाय ना."

"नाही, उलटंच आहे ते," चित्रकार शांतपणे म्हणाले. "मागचा हुक वरच्या बाजूचा तुटला."

तेवढ्यात नवरा शेवटच्या खोलीत एका बादलीसमोर उभा राहिलेला दिसला. कोपऱ्यात निळी प्लास्टिकची बादली, तीत बोटभर पाणी, काठावर पिळून ठेवलेलं फडकं आणि वर छताला चहाच्या रंगाचा गोल डाग. नवरा डागाकडे बघे, बादलीकडे बघे, चिठ्ठी शोधे. मी खुणेने 'चल' म्हटलं तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. त्याला हसण्यात अर्थ नाही. जर्मनीतच डॉर्टमुंडला किपेनबर्गर यांची अगदी अशीच एक कलाकृती होती. लाकडी फळ्यांचा मनोरा, त्याखाली रबरी तसराळं आणि तसराळ्यात वाळलेल्या पाण्याचा डाग, तोही मुद्दाम रंगवलेला. नावच मुळी 'छतातून ठिबकायला लागतं तेव्हा' अशा अर्थाचं. २०११ साली सफाई करणाऱ्या बाईंनी तो डाग घासून लख्ख केला. आठ लाख युरोंचा विमा होता त्या कलाकृतीचा. म्हणून नवरा सावध होता. तो आणखी मिनिटभर उभा राहिला असता, पण किल्लीवाले काका आले, त्यांनी बादली उचलली, खिडकीतून पाणी फेकलं आणि बादली पुन्हा जागेवर ठेवली. जाताना खोलीतला दिवा बंद केला.

लहान दालनांत काही घडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इटलीत पियाचेन्झा गावच्या दालनातून १९९७ साली क्लिम्टचं एका स्त्रीचं चित्र चोरीला गेलं. सगळीकडे शोधलं. २०१९ साली माळीकाम करणारे बाहेरच्या भिंतीवरची वेल छाटत होते, तर त्यांना भिंतीत एक लोखंडी झडप दिसली, आणि आत पिशवीत चित्र! फ्रान्समध्ये एल्न नावाच्या गावात एत्येन तेर्युस या तिथल्याच चित्रकाराच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथल्या १४० चित्रांपैकी ८२ बनावट असल्याचं २०१८ साली उघड झालं. काही चित्रांत तर अशा इमारती होत्या, ज्या तेर्युस वारल्यावर बांधल्या गेल्या. म्हणजे इतकी वर्षं येणाऱ्यांनी काय पाहिलं? माझा अंदाज आहे, त्यांनी बैलाचे पाय मोजले. एल्नचं ऐकल्यापासून नवरा चित्रातल्या इमारती बघतो आणि पियाचेन्झाचं ऐकल्यापासून दालनाला बाहेरून एक फेरी मारून वेली हलवून पाहतो. ही फेरी आटपेपर्यंत मी उन्हात उभी.

बाहेर पडण्याआधी अभिप्रायाची वही असते. ती चुकवता येत नाही, कारण वही आणि दार यांच्या मध्ये चित्रकार असतात. नाव, गाव, शेरा असे तीन रकाने. आधीचे शेरे वाचून मला खूप धीर आला. 'अप्रतिम.' 'अप्रतिम.' 'वरीलप्रमाणे.' एका मुलाने लिहिलं होतं, 'घोडा चांगला आहे.' घोडा मला दिसला नव्हता, म्हणजे ज्याचे पाय मी मोजले तो बैल नसावा. कुणी लिहिलं होतं, 'पिण्याचे पाणी मिळाले. आभारी आहे.' हा त्या वहीतला सर्वांत प्रामाणिक शेरा. नवऱ्याने अर्धं पान भरून लिहिलं, त्यात 'अवकाश' तीनदा आला. मग पेन माझ्या हातात देण्यात आलं आणि चित्रकार अगदी शेजारी येऊन उभे राहिले. मी लिहिलं, 'सर्व चित्रे पाहिली.' त्यांनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. इतकं आजवर कुणीच केलं नव्हतं म्हणाले.

आता सुटलो, असं वाटत होतं. पण दारात एक मुलगा कॅमेरा घेऊन आला. स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. चित्रकारांनीच त्याला फोन केला होता. त्याने दालनात डोकावून विचारलं, "बाकीचे कुठंयत?"

"एवढेच आहेत," किल्लीवाले काका म्हणाले.

मुलगा अनुभवी निघाला. त्याने आधी आम्हा दोघांना पहिल्या भिंतीपाशी पाठमोरं उभं केलं. मग मला पदर दोन्ही खांद्यांवर घ्यायला लावून दुसऱ्या भिंतीपाशी. मग नवऱ्याच्या डोक्यावर काकांची टोपी आणि नाकावर चित्रकारांचा चष्मा आला. ओट्यावरच्या माणसालाही आत बोलावलं. काकांनी सगळ्या खोल्यांतले दिवे एकदम लावले. आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात हे पहिल्यांदाच घडलं.

फोटो दुसऱ्या दिवशीच्या अंकात आला. आत चार फोटो जोडून लावले होते, मी त्यांतल्या तिघांत आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'कलाप्रदर्शनास रसिकांचा उदंड प्रतिसाद. लोकाग्रहास्तव मुदत आठ दिवसांनी वाढवली.'