ऐन आणि ऐरोली

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात चिठ्ठीत निघालेल्या अक्षरापासून दोन संघांनी आळीपाळीने शब्द सांगायचे आणि अडेल त्याने हरायचे, अशी स्पर्धा होती. अंतिम फेरीत ‘ऐ’ निघाला. ऐरण, ऐरावत, ऐपत, ऐट आणि प्रतिपक्षाचा ऐवज असे नेहमीचे गडी संपल्यावर मी ‘ऐन’ म्हटले आणि परीक्षक काकांनी शिट्टी फुंकली.

“हा शब्द नव्हे, शब्दाचा तुकडा आहे,” काका म्हणाले. “ऐन उन्हाळ्यात, ऐन पंचविशीत. नुसतं ऐन कोण म्हणतं?”

मी नम्रपणे सांगितले, की ऐन नावाचा एक मोठा वृक्ष सह्याद्रीत आणि विदर्भाच्या जंगलांत सर्रास आढळतो, त्याची काळपट साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते आणि भंडारा-गडचिरोलीकडे टसर रेशमाचे किडे त्याच्या पाल्यावर पोसतात.

“कुठे आहे? दाखवा.”

सोसायटीच्या आवारात कुंपणाकडेचे अशोक आणि पाण्याच्या टाकीमागचा शेवगा एवढीच वनसंपदा असल्यामुळे मला काहीच दाखवता येईना. काकांनी टाळ्यांच्या अपेक्षेने प्रेक्षकांकडे पाहिले. तेवढ्यात वड्याचा द्रोण सावरत बसलेल्या एका गृहस्थांनी, आपले साडू वनखात्यात असल्याच्या अधिकाराने, “सुसर झाडावर चढत नाही,” अशी माहिती दिली आणि टाळ्या त्यांनाच पडल्या.

मग मी दुसरी बाजू लावून धरली. झाडाशी काहीही संबंध नसलेला दुसरा ऐन अरबीतून आला. तिकडे त्याचा अर्थ डोळा, पाण्याचा झरा, तसेच एखाद्या वस्तूचा गाभा. त्या गाभ्यावरूनच आपल्याकडे ‘नेमका’, ‘मुख्य’ हे अर्थ रूढ झाले. पैशाऐवजी धान्य किंवा वस्तू दिली, की तिला आपण अजूनही ऐनजिनसी म्हणतो, आणि हिंदीतली ऐनक त्याच डोळ्यावरून आली, जी या क्षणी तुमच्या नाकावर आहे, असेही मी बोलून गेलो.

“अरबी? मग बादच. ही मराठी शब्दांची स्पर्धा आहे.”

“काका, मघाशी तुम्ही मान्य केलेला ऐवज अरबीच आहे आणि आता तुम्ही फेटाळताय ती माझी हरकतसुद्धा.”

“हे पाहा, ऐन आरतीच्या वेळी वाद नको,” काका गरजले आणि त्यांनी प्रतिपक्षाला खूण केली. तिकडून ‘ऐरोली’ आले. गावांची नावे चालणार नाहीत, हा नियम खुद्द काकांनीच सुरुवातीला वाचून दाखवला होता. पण ऐरोलीत त्यांच्या मेव्हणीचा फ्लॅट असून त्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला असल्यामुळे शब्द ग्राह्य ठरला.

“जाऊ द्या हो, खेळच तर आहे,” असे मला पुष्कळांनी समजावले. हे वाक्य नेहमी हरलेल्यालाच का ऐकवले जाते, ते मला कळत नाही. बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन जाणाऱ्यांना खेळच आहे, तर डबा ठेवून जा, असे कोणीही म्हटले नाही. पाठांतर आणि वाचन यांवर चालणारा खेळ ज्याच्या हाती माईक त्याच्या मेव्हणीवर ठरत असेल, तर त्यापेक्षा संगीत खुर्ची बरी.

दुसऱ्या दिवशी मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बगलेत मारून काकांचे दार वाजवले आणि दोन्ही ऐन त्यांच्यासमोर उघडून ठेवले. काकांनी ऐनक पुसली, आधी मुखपृष्ठ आणि मग आवृत्तीचे साल निरखून पाहिले.

“१८५७?” ते म्हणाले. “तेव्हा आपली सोसायटी रजिस्टर तरी झाली होती का?”