नुसता टक्का शोधायचाय हो!

सर्च बॉक्समधे लोक काय टाकतील याचा नेम नाही. एका माणसाला ‘५०%’ लिहिलेल्या ऑफर्स हव्या होत्या, त्याच्यापुढे ५०, ५००, १५०० असं ज्यात ज्यात ५० आहे ते सगळं येऊन पडलं. डेटाबेसची काही चूक नाही. डेटाबेसमधे मजकूर शोधायला वापरतात त्या लाइकमधे (LIKE) % म्हणजे ‘कितीही, काहीही, काहीच नसलं तरी चालेल’ आणि _ म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’, त्यामुळे रिपोर्ट_१ शोधलं की रिपोर्ट-१ पण हजर. (प्रिपेअर्ड स्टेटमेंट आहे ना, म्हणजे युजरचा मजकूर क्वेरीपासून, डेटाबेसला द्यायच्या हुकमापासून, वेगळा पाठवतोय ना, मग कसलं टेन्शन, असं म्हणणारा एकजण प्रत्येक टीममधे असतो. बाबा रे, ते इंजेक्शन, म्हणजे सर्च बॉक्समधून कोणी भलताच हुकूम घुसवणं, थांबवतं, % ला हातही लावत नाही.)

मग काय, % च्या आधी बॅकस्लॅश (\) लावायचा, की तो नुसता टक्का होतो, झालं. झालं कुठलं! मायएसक्यूएल या डेटाबेसमधे आधी स्ट्रिंग, म्हणजे अवतरणात लिहिलेला मजकूर, त्यातले निम्मे खाते, उरलेल्यातले निम्मे लाइक खातं, म्हणजे मधला प्रत्येक दलाल आपला कट मारूनच माल पुढे पाठवणार, म्हणून डेटातला एक बॅकस्लॅश शोधायला क्वेरीत चार लिहायचे आणि तीच क्वेरी जावाच्या स्ट्रिंगमधे कोंबली की आठ. आठ! कोड रिव्ह्यूला ते मोजायला बोट ठेवून वाचावं लागतं. पोस्टग्रेसमधे ९.१ आवृत्तीपासून दोनात भागतं. ओरॅकल आणि एसक्यूएलाइट तर ‘एस्केप’ लिहून, म्हणजे ‘या चिन्हापुढचं अक्षर जसंच्या तसं घे’ असं सांगितल्याशिवाय बॅकस्लॅशला ओळखही दाखवत नाहीत, आणि एसक्यूएल सर्व्हरमधे [%] असं कंसात घातलं तरी चालतं, फक्त मग [ ची पण काळजी आपणच घ्यायची.

माझं ऐकाल तर बॅकस्लॅशच्या नादी लागूच नका, सरळ लाइक '%५०!%%' एस्केप '!' लिहा, दिसतं तरी डोळ्याला. फक्त युजरने टाकलेल्या ! चे आधी दोन करायचे आणि मग % आणि _ कडे वळायचं, उलटं केलं तर आपणच घातलेले ! परत डबल होतात आणि मग बसा शोधत.

हे सगळं लावून टेस्टिंगवाल्या ताईंकडे दिलं. त्यांनी तो खांदे उडवणारा स्मायली टाकला, एक हात बॅकस्लॅशचा, तोंडाच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर. सापडला, तेवढा एकच. मग माझ्याकडे बघत नुसतं एक ! टाकलं. तेही बरोबर आलं, ताईंचा चेहरा मात्र जरा पडला.